सोबतीने विमान जोडताना चूक केव्हा दाखवावी?

पंखाखाली :

आम्ही पाच जण दर पंधरा दिवसांनी एका टेबलाभोवती बसून प्लास्टिकची छोटी विमाने जोडतो. प्रमाण १:७२, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट आमच्याकडे एका इंचात येतात. या खेपेस पाचही जणांनी एकच किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, घ्यायचे ठरले : स्पिटफायर मार्क १, दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. आमच्याकडे तो साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणून पाच विमाने, पाच कटिंग मॅट आणि दहा कोपरे एका टेबलावर कसेबसे मावतात.

माझे विमान १९४०च्या उन्हाळ्यातले आहे. वरच्या बाजूला मी गडद हिरवा आणि ओशन ग्रे, म्हणजे राखाडी, असे दोन रंग दिले, चकचकीत वार्निशवर डिकल, म्हणजे चिन्हांचे पातळ छापील तुकडे, बसवले आणि शेवटचा मॅट, म्हणजे बिनचमकीचा, हात सुकल्यावर विमान टेबलाच्या मधोमध ठेवले. तेव्हा समोर बसणारे सदस्य अगदी सौम्यपणे म्हणाले, की ओशन ग्रे ब्रिटिश लढाऊ विमानांवर ऑगस्ट १९४१ मध्ये आला; त्याआधी त्या जागी डार्क अर्थ, म्हणजे मातकट तपकिरी रंग असे. मी पडताळून पाहिले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. हे तुमच्या लक्षात केव्हा आले, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "तुम्ही रंगाची डबी उघडलीत तेव्हाच."

न विचारता सांगणे बरे दिसले नसते, असे त्यांचे म्हणणे. सांगायचेच होते तर डबी उघडतानाच सांगायला हवे होते आणि तेव्हा सांगितले नाही तर मग कायमचे गप्प राहायला हवे होते, असे माझे. आता विमान पुन्हा रंगवावे की तसेच ठेवावे, हाही प्रश्न आहेच. आपण सोबतीने काम करणारी मंडळी एकमेकांच्या चुका केव्हा आणि कशा सांगता?

सांधेजोड :

डबी उघडतानाच सांगायला हवे होते, यात मला शंका नाही. मात्र सगळ्या चुका एका मापाच्या नसतात. आपण ज्याला गोंद म्हणतो तो पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे किटच्या प्लास्टिकच्या, बाबतीत खरे म्हणजे गोंद नसतोच. तो द्रावक असतो. दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की मागे एकसंध प्लास्टिक उरते. अशी कड पुन्हा उघडणे म्हणजे करवत चालवणे. म्हणून धडाचे दोन भाग मिटण्यापूर्वी मी शेजाऱ्याच्या कॉकपिटमध्ये बिनदिक्कत डोकावतो आणि आसन उलटे दिसले तर तिथल्या तिथे बोलतो. रंग पुन्हा देता येतो, डिकलवरून रंग चढवता येतो. तिथे थोडे थांबले तरी चालते.

तुमच्या मित्रांनी गप्प बसण्यासाठी त्यातल्या त्यात परवडणारी जागा निवडली, एवढेच मी त्यांच्या बाजूने म्हणेन.

बंद_खोका :

आमच्या गटातल्या एका जाणकारांनी मी खोक्याचे झाकण उचलण्यापूर्वीच त्या किटमधील अकरा चुका सांगितल्या. ते किट अजून तसेच आहे. माझ्या संग्रहातील ते एकमेव निर्दोष विमान होय.

तपशीलवेडी :

पंखाखाली, तुमच्या मित्रांचे निरीक्षण योग्य आहे; त्यात आणखी थोडी भर घालते. १९४०च्या जूनपासून खालच्या बाजूला स्काय हा फिकट हिरवट रंग आला. त्याआधी खालची बाजू अर्धी काळी आणि अर्धी पांढरी असे. सुरुवातीला स्काय पुरेसा मिळत नसल्यामुळे अनेक ठिकाणी जवळपासच्या छटा मिसळून वापरल्या गेल्या, त्यामुळे तिथे तुम्हाला बरीच मोकळीक आहे. शेपटीपुढचा स्काय रंगाचा पट्टा आणि त्याच रंगाचे स्पिनर, म्हणजे पंख्याच्या मध्यावरची टोपी, मात्र नोव्हेंबर १९४०च्या अखेरीस आले. उन्हाळ्यातल्या विमानावर तो पट्टा असता कामा नये.

आपण पट्टा लावलेला नाही, असे मी गृहीत धरते.

पंखाखाली :

लावला आहे. स्पिनरही त्याच रंगाचे आहे.

काचकागद :

वर सर्व जण रंगाच्या तारखेवर बोलत आहेत, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो. आपल्या किटवर पत्र्यांच्या जोडाच्या ज्या रेषा कोरलेल्या असतात, त्या साधारण ०.२ मिलिमीटर रुंद धरल्या तरी खऱ्या विमानावर त्या १४ मिलिमीटरच्या खाचा होतील. त्यातून वैमानिकाचे बोट आत गेले असते. पंखाची मागची कड अर्ध्या मिलिमीटरची राहिली, तर खरी कड ३६ मिलिमीटर जाड झाली. हे आपण रोज पाहतो आणि कोणीही टेबलावरून उठून तक्रार करत नाही. वर त्या रेषांमध्ये काळपट वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडून त्या आणखी ठळक करतो आणि एकमेकांना शाबासकी देतो. मग राखाडी आणि तपकिरी यांच्यापाशीच आपली सत्यनिष्ठा का जागी व्हावी?

तपशीलवेडी :

काचकागद, रेषेची रुंदी ही साच्याची आणि प्लास्टिकची मर्यादा आहे. तिच्यापुढे आपण सगळेच हतबल आहोत. रंगाची डबी आपण हाताने निवडतो. मर्यादा आणि निवड यांना एकाच तागडीत घालणे मला पटत नाही. मागची कड तर पॉलिशपेपरने आतून घासून निम्मी करता येते, आणि आपल्या नावावरून हे आपल्याला ठाऊक असावे.

काचकागद :

ठाऊक आहे. कंटाळा येतो, हे कारण मी लिहायचे टाळले होते.

दोन_चिमटे :

सोबतीचा एक तोटा अजून कोणी सांगितलेला नाही, तो म्हणजे चूक पसरते. आम्हीही चौघांनी स्पिटफायर मार्क १ एकाच वेळी जोडले होते. या विमानाच्या पोटाची रचना दोन्ही बाजूंना सारखी नाही : उजव्या पंखाखाली मोठा आयताकृती रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली तेल थंड करणारा लहानसा कूलर. विमान उलटे करून काम करताना डावे-उजवे हमखास फसते. आमच्यातल्या पहिल्याने दोन्ही भागांची अदलाबदल करून ते चिकटवले. दुसऱ्याने सूचनापत्रक पाहण्याऐवजी पहिल्याचे विमान पाहिले, तिसऱ्याने दुसऱ्याचे. चौथा मी. मी तर तिघांचे सारखे पाहून निर्धास्त झालो आणि सूचनापत्रकातच छपाईची चूक असावी असा निष्कर्ष काढला.

चारही विमाने एका रांगेत ठेवली आहेत. ती एकाच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखी दिसतात, हे मान्य करावे लागेल.

नाकात_शिसे :

धागा स्पिटफायरचा आहे, पण सांधेजोड यांनी 'धड मिटण्यापूर्वी' हा शब्दप्रयोग केला, त्यावरून आठवले. ज्या विमानांना पुढे नाकाखाली चाक असते, उदाहरणार्थ मेसरश्मिट २६२ किंवा पी-३८ लाइटनिंग, त्यांच्या नाकात वजन भरावे लागते. नाहीतर विमान शेपटीवर बसते आणि बसूनच राहते. लाइटनिंगमध्ये तर मधल्या नाकात जागा पुरत नाही, म्हणून इंजिनांच्या पुढच्या पोकळीतही वजन टाकावे लागते. सर्व भाग टेपने तात्पुरते जोडून मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर तोल पाहावा आणि त्यानंतरच मिटावे.

मी हे सगळे केले होते. फक्त शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात बसवले. पांढऱ्या गोंदातून निघणाऱ्या आम्लामुळे शिसे हळूहळू पांढरे पडते आणि फुगते. कपाटातल्या त्या विमानाचे नाक काही वर्षांनी सांध्यावर उलले, वरचा रंग चिरला आणि आतून पांढरी पूड डोकावू लागली. आता इपॉक्सी वापरतो. गोंद ओतताना समोर तीन जण बसले होते आणि त्यांपैकी एकाला हे ठाऊक होते. त्यांना वाटले, मला माहीत असेलच. गप्प बसण्यामागे सौजन्यापेक्षा ही समजूतच अधिक वेळा असते, असे माझे निरीक्षण आहे.

बंद_खोका :

नाकात_शिसे यांनी आपले नाव अनुभवाने कमावले आहे.

नवशिका :

मी या छंदात नवीन आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. माझे पहिले विमान मी गटात नेले, तेव्हा पाच मिनिटांत सात गोष्टी ऐकल्या. सांधा दिसतो, डिकलखाली हवा राहून चंदेरी झाक आली आहे, कॅनोपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, गोंदाचे ठसे आहेत, एक चाक फाकले आहे, पुढचे मला ऐकू आले नाही. प्रत्येक गोष्ट खरी होती. सांगणाऱ्यांपैकी कोणीही वाईट हेतूने बोलले नाही. तरी घरी जाताना मी ते विमान खोक्यात घालून पिशवीच्या तळाशी ठेवले.

पुढच्या वेळी एका ज्येष्ठ सदस्यांनी एकच गोष्ट सांगितली : डिकल मॅट पृष्ठभागावर बसवू नका, आधी चकचकीत वार्निशचा हात द्या. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो आणि त्या खळग्यांत हवा अडकते, हे त्यांनी काडीने कागदावर रेघोट्या ओढून समजावले. दुसऱ्या विमानावर चंदेरी झाक आली नाही. सांधा अजून दिसतो, पण त्याची पाळी तिसऱ्या विमानाला येईल. म्हणून माझे मत असे, की चूक जरूर दाखवावी, पण एका विमानामागे एकच.

सांधेजोड :

नवशिका, आपला प्रतिसाद वाचून मी मागे किती जणांना सात-सात गोष्टी ऐकवल्या, याचा हिशोब करत बसलो.

सांध्याबद्दल एवढेच सांगतो, आणि हे आपल्याला तिसऱ्या विमानाच्या वेळी उपयोगी पडेल. चिकटवल्यावर त्याच संध्याकाळी घासू नका. द्रावक आत शिल्लक असतो, त्यामुळे प्लास्टिक मऊ आणि किंचित फुगलेले असते. तेव्हा घासून सपाट केले तर ते छान दिसते. पण उरलेला द्रावक उडाला की तीच जागा आत बसते आणि रंगाखालून बारीक खोलगट रेघ वर येते. किमान एक दिवस जाऊ द्या, दोन दिले तर उत्तम. मग आधी ४००, त्यानंतर ६०० आणि १०००चा पॉलिशपेपर पाणी लावून चालवा. पाण्यामुळे धूळ उडत नाही, हाही एक लाभ.

सर्वांनी मिळून एका तारखेपर्यंत विमान पूर्ण करायचे ठरवले, की या थांबण्यालाच पहिली कात्री लागते. आमच्या गटातली पैजेवर पूर्ण झालेली सगळी विमाने मी पाठीवरच्या त्या रेघेवरून ओळखू शकतो.

तपशीलवेडी :

सांधेजोड यांच्याशी अंशतः असहमत आहे. तारीख ठरलेली नसेल तर माझी विमाने थांबतात ती थांबतातच. कॉकपिट रंगवून सोडून दिलेली नऊ धडे माझ्या कपाटात आहेत. एकटीने बसले, की वैमानिकाच्या खांद्यावरचे पट्टे कोणत्या छटेचे होते याचा शोध घेण्यात तीन महिने जातात आणि धड मिटल्यावर ते पट्टे कोणालाही दिसणार नसतात. टेबलावर बाकीचे पंख जोडू लागले, की नाइलाजाने मीही गोंदाची बाटली उघडते. पाठीवर एक रेघ असलेले पूर्ण विमान मला नऊ निर्दोष कॉकपिटांपेक्षा बरे वाटते, आणि हे वाक्य माझ्या हातून लिहिले जाईल असे मला स्वतःलाही वाटले नव्हते.

काचकागद :

या वाक्याची नोंद घेतली आहे. योग्य वेळी वापरण्यात येईल.

दोन_चिमटे :

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे पुन्हा रंगवावे की नाही याकडे कोणी वळलेले दिसत नाही. मला एक पळवाट दिसते. गडद हिरवा, ओशन ग्रे, स्काय पट्टा आणि स्काय स्पिनर हे सगळे एकत्र घेतले तर ते १९४१च्या शरद ऋतूतले विमान होते. तेव्हा विमान बदलण्याऐवजी तारीख बदलावी. त्यासाठी खालची बाजू मीडियम सी ग्रे या राखाडी रंगाची करावी लागेल आणि पंखांच्या पुढच्या कडेला बाहेरच्या भागात पिवळी पट्टी ओढावी लागेल. आठ मशीनगन असलेले मार्क ५ए, म्हणजे स्पिटफायरची नंतरची आवृत्ती, बाहेरून मार्क १ सारखेच दिसते.

तपशीलवेडी :

जवळपास सारखे दिसते. मार्क १ चा तेल कूलर अर्धगोल आहे आणि मार्क ५ चा पूर्ण गोल व अधिक खोल. तेवढा भाग बदलावा लागेल. शिवाय विमानावरची अक्षरे आणि क्रमांकही बदलावे लागतील. म्हणजे खालची बाजू, पिवळी पट्टी, कूलर आणि डिकल. हे सगळे कशासाठी, तर वरचा एक रंग वाचवण्यासाठी.

समोरचा :

टेबलाच्या पलीकडे बसणारा तो सदस्य मी. धागा पहिल्या दिवसापासून वाचत होतो. लिहावे की नाही, हे ठरत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सहावे सदस्य येत असत. त्यांचेही स्पिटफायरच होते. स्पिटफायरचे पंख टोकाकडे सहा अंशांनी उचललेले असतात. १:७२ मध्ये पंखाचे टोक मुळापेक्षा सुमारे आठ मिलिमीटर वर यायला हवे. त्यांचे पंख अगदी आडवे बसले होते. मी पट्टी काढली, टेबलावर उभी धरली आणि सर्वांसमोर मोजून दाखवले. नंतर उपायही सांगितला : गोंद ओला असताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून मास्किंग टेप ताणून लावली, की पंख वर ओढले जातात. पण त्यांचा गोंद ओला नव्हता. आदल्या आठवड्यात वाळला होता. ते विमान त्यांनी आठ महिने जोडले होते आणि पुढच्या बैठकीपासून ते आले नाहीत. कामे वाढली असतील. मी तसे विचारले नाही.

त्यानंतर विचारल्याशिवाय बोलायचे नाही, असे मी ठरवले. पंखाखाली यांनी ओशन ग्रेची डबी उघडली तेव्हा पट्टी हातात धरलेला मीच मला दिसलो. शेवटी राहवले नाही आणि नको त्या वेळी बोललो. दोन्हींपैकी एकही नियम मला धड पाळता आला नाही, हे खरे आहे.

नाकात_शिसे :

समोरचा, आपण पट्टी काढलीत तिथे चूक झाली असे मला वाटते, सांगितलेत तिथे नव्हे. तीच गोष्ट कानात सांगता आली असती.

नवशिका :

मलाही तसेच वाटते. आणि टेपची युक्ती मला माहीत नव्हती, ती लिहून घेतली.

पंखाखाली :

सर्वांचे आभार. समोरचा यांचा प्रतिसाद वाचून मी त्यांना फोन केला. सहावे सदस्य का येईनासे झाले हे मलाही माहीत नव्हते. त्या बैठकीला मी गैरहजर होतो.

काल आम्ही दोघेच बसलो. मार्क ५ए ची पळवाट मोहक होती, पण तपशीलवेडी यांनी मांडलेला हिशोब पाहून ती सोडून दिली आणि राखाडी भागावर डार्क अर्थ चढवायचे ठरवले. पंखावरची वर्तुळे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची गोल चिन्हे, दोन रंगांच्या सीमेवर येतात, हीच मोठी अडचण होती. समोरचा यांनी वर्तुळ कापण्याच्या कटरने मास्किंग टेपच्या चकत्या कापून आणल्या होत्या, अचूक त्याच व्यासाच्या. म्हणजे घरी बसून त्यांनी किटच्या पत्रकावरून मापे घेतली असणार. चकत्या लावण्यापूर्वी त्या दोन-तीन वेळा हाताच्या पाठीवर चिकटवून काढल्या, म्हणजे डिकल टेपबरोबर उचलले जाऊ नये. हिरव्याची कड झाकायला टेपऐवजी चिकटमातीच्या बारीक वळ्या लावल्या. एअरब्रशने तीन पातळ हात दिले. शेपटीचा पट्टा पुसला जाईना, तेव्हा त्याची उंच कड १०००च्या पॉलिशपेपरने घासून सपाट केली आणि वरून रंग दिला. विशिष्ट कोनातून पाहिले तर तिथे एक पुसट वळ अजून दिसतो. स्पिनर काळे केले.

रंगाची डबी उघडण्यापूर्वी त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि झाकणावरचे नाव मोठ्याने वाचायला लावले. यापुढे टेबलावर प्रत्येकाने तसे करायचे, म्हणजे कोणाला बोलायचे असेल तर तेव्हाच बोलता येईल, असे आमचे ठरले आहे. सहाव्या सदस्यांना ते स्वतः फोन करणार आहेत. छायाचित्र खाली जोडत आहे.

बंद_खोका :

फार सुंदर झाले आहे. आता मीही झाकण उचलावे म्हणतो.

तपशीलवेडी :

छान. तपकिरीची छटा आवडली. मशीनगनच्या तोंडांवरचे लाल कापडी तुकडेही नीट बसले आहेत.

दोन_चिमटे :

अभिनंदन. एका विमानामागे एकच चूक हा नवशिका यांचा नियम मला मान्य आहे आणि तुमचा वाटा संपलेला आहे, हेही मी जाणतो. तरीही पोटाचे एक छायाचित्र टाकाल का?